नऊ नंबरची हाक

११ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. पाचला उठून लिहायचं ठरलं होतं, पण पहिल्याच दिवशी शरीरावर जुलूम करणं शास्त्रीय नाही. उद्यापासून पाच.

संकल्प: रोज चालणे. चहा दोनच. दर रविवारी बाबांना भेटणे, आभाळ कोसळलं तरी. आणि वृद्धाश्रमाचं सॉफ्टवेअर १५ एप्रिलला चालू म्हणजे चालू.

बाबा चार महिन्यांपासून वृद्धाश्रमात आहेत. खोली नंबर नऊ. निर्णय त्यांचा स्वतःचा. मी फक्त फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता. पेनही ठेवलं होतं, कारण त्यांना पेन सापडत नाही.

तिथे खोलीतून कुणी बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलामागे एक छोटा दिवा लागतो. निम्मे दिवे उडालेले. मी मॅनेजरबाईंना म्हटलं, हे काय, कुठल्या जमान्यात आहात, आमची कंपनी करून देईल. बापासाठी मुलगा याहून जास्त काय करतो?

१४ मार्च, गुरुवार

चाललो नाही. बूट सापडले नाहीत.

कामाची मात्र झेप. सॉफ्टवेअरचे दोन भाग. पहिला सगळ्या खोल्यांच्या बटणांकडे कान लावून बसतो. दुसरा म्हणजे सिस्टरच्या टेबलावरची स्क्रीन. बटण दाबलं की पहिला भाग ‘हाक’ नावाचा ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एक खण, भरतो: खोली नंबर, नाव, वेळ, तातडी किती. मग सिग्नल सोडतो. सिग्नलबरोबर ऑब्जेक्ट जातो, स्क्रीन तो घेते आणि दाखवते. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत, तरी काम होतं. संसार असा हवा.

माझी खास कल्पना: दर हाकेला नवा ऑब्जेक्ट कशाला? एकच ठेवायचा. तोच पुसायचा, तोच भरायचा. सिग्नलमधून ऑब्जेक्ट पाठवायचाच नाही, तो कुठे ठेवलाय तो पत्ता फक्त पाठवायचा. मेमरीची बचत. असं सुचायला अनुभव लागतो.

टेस्टरबाई (आमच्या ऑफिसात दुसऱ्याच्या कामात चुका काढण्याचा पगार घेतात) म्हणाल्या, सर, स्क्रीन कामात असली तर सिग्नल रांगेत थांबतो. ती पत्त्यावर पोचेपर्यंत तिथे दुसऱ्याच खोलीची हाक भरलेली असेल. कॉपी पाठवा. एका ओळीचं काम आहे.

मी अठरा वर्षं या धंद्यात आहे हे त्यांना शांतपणे सांगितलं. त्यांनी वही मिटली. पटलं असावं.

१७ मार्च, रविवार

बाबांकडे गेलो नाही. दिवसभर त्यांच्याच सॉफ्टवेअरवर बसलो होतो. म्हणजे एका अर्थी त्यांच्याजवळच होतो. हिला हे सांगितलं. ही कपडे वाळत घालत राहिली.

३१ मार्च, रविवार. संध्याकाळी ६

आज गेलो. (गेल्या रविवारी डोकं दुखत होतं.) सव्वा तास बसलो.

बाबा खिडकीशी बसून दुपारच्या सिस्टरच्या गणवेशाची बाही उसवत होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, हात स्वस्थ बसत नाहीत. सिस्टर चाळिशीच्या, बारीक, बोलणं कमी. त्यांना गणवेश मोठा मिळाला होता, हात लपायचे. बाबा म्हणाले, बाई दिवसभर लोकांचं करते, तिचे हात मोकळे नकोत? मी पेशंट लोकांनी स्टाफची कामं करू नयेत असं म्हणणार होतो, पण तेवढ्यात त्या बाबांची नखं कापायला आल्या, मग राहिलं.

सॉफ्टवेअर समजावून सांगितलं. एकच ऑब्जेक्ट वापरण्याची युक्तीही सांगितली, म्हटलं निदान कौतुक तरी होईल. बाबांनी सुई दाताखाली धरून ऐकलं. मग म्हणाले, “आमच्याकडे एका कापडाला एक चिठ्ठी. गिऱ्हाईक गेलं की माप चिठ्ठीवर, चिठ्ठी कापडाला टाचलेली. एकच चिठ्ठी पुसून पुसून वापरली तर याची बाही त्याला लागेल.”

मी हसलो. कुठे शिलाई मशीन, कुठे सिग्नल. पण म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नसतं. हो म्हटलं.

निघताना त्यांनी विचारलं, बटण दाबलं की नक्की कळेल ना रे कुणाला तरी? मागे एकदा पडले, तेव्हापासून त्यांना बाथरूमची धास्ती बसली आहे. मी म्हटलं, माझ्या सॉफ्टवेअरवर तुमचा विश्वास नाही का? म्हणाले, तसं नाही.

९ एप्रिल, मंगळवार

आठवडाभर घंटेवर काम. हाक आली की स्क्रीनवर पितळी घंटा येते, तीन सेकंद डुलते, मग खोलीचा नंबर उमटतो. दोरीची सावलीसुद्धा पडते. डोळ्यांचं पारणं फिटतं.

टेस्टरबाईंचं म्हणणं, घंटा डुलते ते तीन सेकंद स्क्रीन दुसरं काहीच करत नाही, हाका रांगेत थांबतात. मी म्हटलं, तीन सेकंदांत कोण मरतंय?

शिवाय चौदा नंबरच्या आजींचा बंदोबस्त केला. त्या दिवसाला चाळीस वेळा बटण दाबतात. पाणी द्या, पंखा कमी करा, आज वार कोणता. मी नियम घातला: एखाद्या खोलीची हाक सिस्टरने उचलल्याशिवाय त्याच खोलीची पुढची हाक घ्यायचीच नाही. आजी बसोत दाबत. मॅनेजरबाई खूश. उद्यापासून चालायला जाणार.

१५ एप्रिल, सोमवार

सॉफ्टवेअर चालू झालं नाही. इलेक्ट्रिशियन. नाचता येईना अंगण वाकडं अशी काही माणसं असतात.

२२ एप्रिल, सोमवार

चालू!

मॅनेजरबाईंनी स्वतः तीन नंबरचं बटण दाबलं. घंटा डुलली. ‘खोली ३’. टाळ्या. मग सातचं दाबलं. ‘खोली ७’. पुन्हा टाळ्या. दोन बटणं एकदम दाबून बघू का, असं टेस्टरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, चहा निवतोय.

नवा रिपोर्टही दाखवला. कुठल्या खोलीतून किती वाजता हाक आली, सिस्टरने कधी उचलली, सगळं छापून मिळतं. स्टाफचं दुर्लक्ष आता लपणार नाही, असं मी म्हणालो तेव्हा दुपारच्या सिस्टर भिंतीशी उभ्या होत्या. बाही मनगटावर नीट बसली होती.

बाबा व्हरांड्यातून बघत होते. सगळे गेल्यावर म्हणाले, छान झालं. मला आतून फार बरं वाटलं. मी बावन्न वर्षांचा आहे आणि त्यांनी छान म्हटलं की मला अजून बरं वाटतं, हे इथेच लिहितो.

५ मे, रविवार

गेलो नाही. पुढच्या रविवारी दोन रविवारचं मिळून जास्त वेळ बसेन.

९ मे, गुरुवार. संध्याकाळी ७.३०, हॉस्पिटल

बाबा बाथरूममध्ये पडले. दुपारी दोनच्या सुमाराला. सापडले साडेचारला, चहा द्यायला आलेल्या बाईला. खुब्याचं हाड मोडलंय. अडीच तास ओल्या फरशीवर. अंग थंडगार होतं म्हणे.

बाथरूममध्ये बटणाच्या जागी दोरी असते, ती ओढली का विचारलं. डोळे मिटूनच म्हणाले, खूप वेळा.

खूप वेळा. आणि कुणी आलं नाही. एवढं सॉफ्टवेअर करून दिलं, तरी माणसं जागची हलणार नसतील तर काय करायचं?

१० मे, शुक्रवार

सकाळी तडक आश्रमात. रिपोर्ट छापला. त्यात स्वच्छ लिहिलंय: ‘खोली ९. दुपारी २.०७. तातडीची. उचलली नाही.’

कागद मॅनेजरबाईंच्या टेबलावर आपटला. दुपारच्या सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, मला नऊ दिसलाच नाही. दोनदा चौदा दिसला. मी चौदाला गेले, आजींना पाणी दिलं, दोन्ही हाका बंद केल्या. दर दहा मिनिटांनी स्क्रीन बघत होते, दुसरं काहीच नव्हतं.

मी म्हटलं, “बाई, मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.”

त्यांनी कागद उचलून पुन्हा पुन्हा वाचला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

११ मे, शनिवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, या वयात हाडापेक्षा छातीची काळजी. पडून राहिलं की कफ साठतो.

१३ मे, सोमवार

सिस्टरना काढलं. मॅनेजरबाईंचा फोन आला. आम्ही लगेच कारवाई केली, म्हणाल्या. कामात हयगय, असं पत्रात लिहिलंय. मी म्हटलं, व्यक्तिशः माझा कुणावर राग नाही.

राग आहे, खरं सांगायचं तर.

१५ मे, बुधवार. सकाळी १०.४०, ऑफिस

‘दोनदा चौदा’ हे डोक्यातून जात नव्हतं. बाई खोटं बोलतात हे एकदा सिद्ध करून टाकावं म्हणून टेबलावर दोन बटणं जोडली, नऊ आणि चौदा. नऊ दाबलं, लगेच चौदा दाबलं.

घंटा डुलली. ‘खोली १४’. पुन्हा घंटा डुलली. ‘खोली १४’.

सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा.

११.२०

नऊच्या हाकेची घंटा डुलत होती, स्क्रीनने नंबर अजून वाचलाच नव्हता. तेवढ्यात आजींनी दाबलं. एकुलता एक ऑब्जेक्ट पुसला गेला, त्यात चौदा भरला. स्क्रीन दोनदा त्याच पत्त्यावर गेली, दोनदा चौदा घेऊन आली. पहिला भाग आलेली हाक आधी स्वतःच्या नोंदवहीत टिपतो, तिथे मात्र नऊ बरोबर लिहिलेला. रिपोर्ट त्या वहीतून छापला जातो.

आणि नऊ कुणी उचललाच नव्हता, म्हणून माझ्या नियमाप्रमाणे नऊची पुढची प्रत्येक हाक नाकारली गेली. नाकारलेल्या हाकांचाही हिशेब ती वही ठेवते. मीच ठेवायला लावलाय.

एक्केचाळीस.

शेवटची ३.५२ ला. त्यानंतर ओढलेली नाही.

१२.१५

दुरुस्त केलं. आता दर हाकेला नवा ऑब्जेक्ट, आणि त्याची कॉपी जाते. एक ओळ. घंटाही काढली.

दुपारी आश्रमात जाऊन नवी आवृत्ती बसवून आलो. मॅनेजरबाईंनी विचारलं, काही बिघाड होता का? म्हटलं, नाही, नेहमीची देखभाल.

सांगायचंच होतं. पण त्या गडबडीत होत्या. असल्या गोष्टी लेखी सांगाव्यात, तोंडी अर्धवट राहतात.

१६ मे, गुरुवार

मेल लिहायला घेतला. ‘कळवण्यास खेद होतो की’ इथपर्यंत आलो. बाबांना जेवण भरवायची वेळ झाली, म्हणून थांबलो. बाप आधी.

१७ मे, शुक्रवार

मेल. ‘दि. ९ रोजीच्या घटनेत काही अंशी तांत्रिक बाबींचा सहभाग असण्याची शक्यता’. वाक्य चांगलं झालं. ‘काही अंशी’ ठेवावं की नाही यावर विचार करून उद्या पाठवतो.

२० मे, सोमवार

बाबांना ताप. श्वास घेताना छातीतून आवाज येतो. मी उशाशी बसलो होतो. त्यांनी विचारलं, ती सिस्टर दिसली नाही, भेटायला येईल असं वाटलं होतं. सुट्टीवर आहे म्हटलं. ते म्हणाले, त्या दिवशी ती दुपारची होती ना, तिला कुणी बोल लावू नका. मग म्हणाले, “ती आली असती रे. तिला कळलंच नसेल.”

मी पाणी आणायला बाहेर गेलो. नळ सोडून उभा राहिलो. मला तेव्हा त्यांना सगळं सांगावंसं वाटलं, मनापासून वाटलं. पण आजारी माणसाला धक्का बसेल असं बोलू नये, हे कुणीही सांगेल. आत आलो तर डोळा लागला होता.

२२ मे, बुधवार

टेस्टरबाईंनी माझ्या कोडमधला बदल पाहिला. काय, कधी, कोणत्या ओळीत, सगळं तिथे नोंदलेलं असतं. खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि हळूच विचारलं, सर, हे त्या दिवशी असंच होतं का? आश्रमाला सांगितलंत ना?

सांगितलं म्हटलं.

त्या म्हणाल्या, बरं झालं, मला त्या सिस्टरची फार काळजी लागली होती. आणि सर, वाईट वाटून घेऊ नका, सांगायलाही धीर लागतो. मी मान हलवली. म्हटलं तर खोटं नाही. सांगणार आहेच, फक्त काळ जरा पुढचा आहे.

२५ मे, शनिवार

बाबांना ऑक्सिजन लावला. मेल उघडला नाही.

२७ मे, सोमवार. सकाळी ९.०५

बाबा गेले. सहा वाजून दहा मिनिटांनी. मी जवळ होतो. त्यांनी शेवटी शेवटी बोटं हलवली, चिमटीत काहीतरी धरल्यासारखी. सुई असेल. मी सुई समजतो.

२ जून, रविवार

लोक येतात, बसतात, जातात. सगळे म्हणतात, मुलाने खूप केलं. आश्रमाचं सॉफ्टवेअरसुद्धा यानेच केलं, असं ही एकाला सांगत होती. मी आत जाऊन पडलो.

आज रविवार. जायला कुठे नाही.

५ जून, बुधवार

विचार केला. आता मेल पाठवला तर काय होईल? बाबा परत येणार नाहीत. कंपनी अडचणीत येईल, तिथे चार जणांची घरं आहेत. मॅनेजरबाईंना पुन्हा चौकशी करावी लागेल. सॉफ्टवेअर तर दुरुस्त झालंच आहे, म्हणजे पुढे कुणाला धोका नाही. ज्यांना आधीच त्रास झाला आहे त्यांना नवा त्रास कशाला?

राहता राहिल्या सिस्टर. त्यांना दुसरीकडे काम मिळालंही असेल. नर्सेसना कामाला तोटा नसतो असं वाचलंय.

९ जून, रविवार. सकाळी ११.३०

दाराची बेल वाजली. सिस्टर. साध्या कपड्यांत ओळखू आल्या नाहीत.

हिने त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्या बाबांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग माझ्यापुढे येऊन हात जोडले. म्हणाल्या, महिनाभर विचार करतेय. मला चौदाच दिसला असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पण रिपोर्टमध्ये नऊ आहे म्हणजे आलाच असणार. माझंच लक्ष नसणार. डोळे तपासून घेतले, डोळे ठीक आहेत, म्हणजे लक्षच नसणार. आता दुपारी झोप लागत नाही, लागली तर बेल वाजल्यासारखं होऊन जाग येते.

“माझ्यामुळे तुमचे वडील गेले. मला माफ करा.”

ही माझ्याकडे बघत होती. तुम्हाला चौदाच दिसला होता, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. तोंड उघडलं.

मी म्हटलं, चुका माणसांकडूनच होतात.

त्या रडल्या. हिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शांत झाल्यावर त्यांनी चाचरत विचारलं, एका हॉस्पिटलमध्ये अर्ज केला आहे, पण जुन्या जागेचं पत्र बघून ते घेत नाहीत. घरच्यांची तक्रार नाही असं दोन ओळींत लिहून दिलंत तर बघू म्हणतात.

हिनेच कागद आणि पेन आणून टेबलावर ठेवलं.

मी लिहिलं: ‘माझ्या वडिलांच्या बाबतीत यांच्याकडून अनवधानाने झालेल्या दुर्लक्षाबद्दल आम्हा कुटुंबीयांची काहीही तक्रार नाही. आम्ही त्यांना मनापासून क्षमा केली आहे.’ खाली सही, तारीख.

हिने वाचलं. डोळे पुसले. म्हणाली, तुमचं मन इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं.

सिस्टरनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि वाकून माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, तुमचे उपकार विसरणार नाही.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.